दुपारचं व्होल्टेज

माझ्या लग्नात सर आले तेव्हा त्यांनी आधी नवरानवरीकडे पाहिलं नाही, स्टेजमागचा प्लग पॉइंट शोधला. मालाडचा हॉल, दुपारचा मुहूर्त, माणसांची ही गर्दी. सरांनी खिशातून काडेपेटीएवढा मीटर काढला, प्लगमध्ये खुपसला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि मगच रांगेत येऊन उभे राहिले. आमच्यापाशी पोचल्यावर माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "दोनशे एकोणचाळीस आहे. जरा जास्त आहे, पण संसार सुरू करायला चालेल." नवऱ्याला वाटलं, हा पत्रिकेतला कुठलातरी योग असावा. त्याने वाकून नमस्कार केला.

हा मीटर सरांबरोबर सगळीकडे जायचा. बारशाला, सत्यनारायणाला, एकदा तर एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या तेराव्याला. घरात शिरल्यावर पाण्याचा ग्लास पुढे यायच्या आत मीटर भिंतीत गेलेला असायचा. त्या तेराव्याच्या घरी व्होल्टेज फार कमी निघालं. सरांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, झालं ते झालं, आता निदान फ्रिज तरी वाचव, असं सांगितलं. सांत्वनाचा त्यांचा हा सर्वांत हळवा प्रयत्न होता.

सर आमच्या कंट्रोल रूमचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. 'काढली' हाच शब्द बरोबर आहे. कंट्रोल रूम मुलुंडला, सहाव्या मजल्यावर. उपनगरांना वीज आणणाऱ्या मोठ्या लाइनींवर तिथून चोवीस तास नजर ठेवायची आणि त्या लाइनींवरच्या वीजकेंद्रांना फोन करून सांगायचं, थोडं वाढवा, थोडं कमी करा, थांबा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दहाबारा माणसं भिंतीवरचे दिवे बघत एसीत बसली आहेत. आतून बघणाऱ्यालाही बरेचदा तसंच वाटतं.

पहिल्या दिवशी सरांनी माझी डिग्री, मार्क, काहीच विचारलं नाही. विचारलं, "मॅडम, राहतेस कुठे?"

सर सगळ्या बायकांना मॅडम म्हणायचे आणि सगळ्यांशी अरेतुरेत बोलायचे. मी सांगितलं, भांडुपला, चौथ्या मजल्यावर.

"पाणी येतं?"

"सकाळी येतं सर. पण प्रेशर नसतं."

"आणि तळमजल्याला?"

"तिथे धो धो."

"मग तुला शिकवायचं काही राहिलेलं नाही," सर म्हणाले. "फ्रिक्वेन्सी म्हणजे राष्ट्रगीत. सगळ्या देशात एकच चाल. व्होल्टेज म्हणजे सोसायटीचं पाणी. ज्याच्या त्याच्या मजल्याचं वेगळं, आणि प्रत्येकाला वाटतं, खालचा चोरतोय."

सर मूळचे माहुलचे. आई मासळी विकायची. रिफायनरीच्या शेजारी वाढल्यामुळे आपलं नाक कामातून गेलंय, जळकी वायर तेवढी कळते, असं ते सांगत. ते खरं असावं, कारण त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास त्यांच्याशिवाय सगळ्यांना यायचा. डबा ते चार वाजता उघडायचे, ऊन कलल्यावर. त्याआधी फक्त चहा. कोणी दुपारी एक वाजता जेवायला उठलं, की सर त्याच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायचे.

दुपार हीच खरी अडचण होती, ती का ते सांगायला हवं. आमच्या लाइनींवर दर वर्षी नवे सौर प्रकल्प जोडले जात होते. सोलापूरकडे, मराठवाड्याकडे एकरच्या एकर काचा पसरलेल्या. इथे सोसायट्यांच्या गच्च्यांवरही तेच. चांगली गोष्ट होती, आणि सगळीकडे तिची पोस्टर लागली होती. पोस्टरवर न लिहिलेली गोष्ट एवढीच, की सुट्टीच्या दुपारी ऑफिसं आणि कारखाने बंद असतात, वीज ओढायला फारसं कोणी नसतं, आणि सूर्याला मात्र सुट्टी नसते. अशा वेळी व्होल्टेज चढायला लागतं. फार चढलं की यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटतात, म्हणजे लाइनपासून वेगळी होतात. संध्याकाळी उलटा कारभार. तासाभरात सूर्य गायब, घरोघरी एसी सुरू, व्होल्टेज खड्ड्यात.

जुन्या वीजकेंद्रातला मोठा फिरता संच वीज देता देता गुपचूप आणखी एक काम करतो. व्होल्टेज चढलं की तो ते खाली ओढतो, पडलं की वर उचलतो. या कामाचं कोणी त्याला बक्षीस देत नाही. सौर प्रकल्पात फिरतं काही नसतं, तिथे इन्व्हर्टर असतात. तेही हे काम करू शकतात, सांगितलं तर. पण प्रकल्पांच्या मालकांनी इन्व्हर्टर असे लावून ठेवलेले, की विकली जाईल तेवढी वीज द्यायची आणि व्होल्टेजच्या भानगडीत पडायचं नाही.

यावरून सर सौरऊर्जेच्या विरोधात आहेत असं ऑफिसात पसरलं होतं. मी एकदा त्यांना सरळच विचारलं. म्हणाले, "सूर्याशी माझं काय भांडण? माझं भांडण त्याच्याशी आहे, जो सूर्य लग्नाला येणार म्हणून आचाऱ्याला सुट्टी देतो."

कॅलेंडर घरात आलं की बाकीचे लोक जोडून आलेल्या सुट्ट्या शोधतात. सरही शोधायचे. त्या तारखांवर लाल गोल करून खाली 'धोका' लिहायचे आणि त्या दिवशी स्वतःची ड्युटी लावून घ्यायचे. सहा वर्षांत त्यांनी एकही सणाची दुपार घरी काढली नाही. त्यांच्या बायकोचं यावर काय म्हणणं होतं ते मला कळलं नाही. घरचं व्होल्टेज त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

लॉगबुक सगळे इंग्रजीत लिहायचे, सर मराठीत. तेही बखर लिहिल्यासारखं. 'एक वाजून दहा मिनिटे. व्होल्टेज चढले. वरिष्ठ जेवावयास गेले.' 'एक वाजून चाळीस. व्होल्टेज उतरविले. वरिष्ठ परतले व काय चालले आहे असे विचारते झाले. काही नाही असे सांगितले.' ऑडिटला आलेल्या माणसाने हे वाचून दाखवा म्हटलं तेव्हा सरांनी गंभीर चेहऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं. त्या ऑडिटमध्ये आमच्यावर एकही शेरा आला नाही, कारण तो माणूस पुन्हा आलाच नाही.

रोज सकाळी अकराला सर एकेका सौर प्रकल्पाला फोन लावायचे. त्याला आम्ही आकाशवाणी म्हणायचो. पलीकडे कोण आहे, जेवला का, पोरगी कितवीत गेली, हे सगळं विचारून झालं की हळूच मुद्द्यावर यायचे: इन्व्हर्टरची सेटिंग बदललीस का? बहुतेक जण टाळायचे. त्यातला एक होता शिंदे, मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका प्रकल्पाचा साइट इनचार्ज. हा शिंदे प्रामाणिकपणे सांगायचा की साहेब, पुण्याच्या ऑफिसातून परवानगी नाही. सर म्हणायचे, नियमात आहे, नियमाला कशाला परवानगी लागते? शिंदे म्हणायचा, नोकरीला लागते ना साहेब. हे संभाषण दोन वर्षं शब्दही न बदलता चाललं. तिसऱ्या वर्षी एके दिवशी शिंदे म्हणाला, बदलली साहेब सेटिंग, आता बोंबलू नका. सरांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पावणेचारलाच डबा उघडला.

आमच्या विभागाचे सर्वांत वरचे अधिकारी, त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, यांना आकडे आवडायचे. सगळे नाही, हिरवे. त्यांनी कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक प्रचंड पडदा लावून घेतला. आत्ता या क्षणी आपल्याकडच्या विजेत सूर्य-वाऱ्याचा वाटा किती, ते त्यावर हिरव्या अंकांत दिसायचं. व्होल्टेज त्यावर दिसायचं नाही. ते दाखवायला जागा उरली नव्हती, कारण खाली मोठ्या साहेबांचा फोटो होता.

एका रविवारी दुपारी बाराला त्यांनी पाहुणे बोलावले. हिरवा आकडा त्या वेळी सर्वांत मोठा होणार होता, आणि तो किती होणार हे आधीच बॅनरवर छापून घेतलेलं होतं. तेवढा तो व्हायचा तर एक गोष्ट करावी लागणार होती. खाडीकडे गॅसवर चालणारा एक जुना संच होता. थोडीच वीज देत मंद चालायचा, पण आमच्या भागातलं दुपारचं व्होल्टेज त्याच्याच जिवावर उभं होतं. सर त्याला म्हातारी म्हणायचे. मोठ्या साहेबांनी सकाळी येऊन सांगितलं की दोन तासांसाठी तो संच बंद करा.

सर म्हणाले, लेखी द्या.

मी शेजारच्या खुर्चीवर होते. मोठे साहेब हसून म्हणाले की मी समोर उभा राहून तोंडी सांगतोय, ते पुरत नाही का?

"पुरतं की साहेब," सर म्हणाले. "फक्त चौकशीच्या वेळी ते तोंड सापडत नाही."

लेखी मिळालं नाही. म्हातारी चालू राहिली. पाहुणे आले, पडद्यावरचा आकडा बॅनरवरच्या आकड्याच्या जरासा खाली येऊन थांबला आणि हलेना. मोठे साहेब पाहुण्यांना आकड्यापासून दूर, ढोकळ्याच्या दिशेने नेत राहिले. व्होल्टेज त्या दुपारी काठापर्यंत आलं होतं. सरांनी शिंदेसकट तिघाचौघांना फोन करकरून ते धरून ठेवलं. दिवे लागलेले राहिले, पंखे फिरत राहिले, कुठेही काही झालं नाही.

काही झालं नाही हाच सरांचा गुन्हा ठरला. आठवड्याभरात मेमो आला: संच बंद न केल्याने कंपनीच्या प्रतिमेला धक्का पोचला. संच बंद केला असता तर नुकसान झालेच असते, हे सिद्ध करावे. सरांनी उत्तर दिलं, तेही मराठीत. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. 'सिद्ध करणे सोपे आहे. पुढील कोणत्याही सुट्टीच्या दुपारी संच बंद ठेवून पाहावे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचे नागरिक साक्षीस उपलब्ध होतील. मात्र त्या आदेशाखाली सही कोणाची, हे आधी ठरवावे, म्हणजे नंतर धावपळ नको.'

महिन्याभरात त्यांची बदली झाली. लांब नाही, त्याच इमारतीत तळमजल्यावर, लेखनसामग्री आणि जुने अभिलेख विभागात. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आदेशात लिहिलं होतं की त्यांच्या अनुभवाचा लाभ या विभागासही मिळावा. तीस वर्षं व्होल्टेज सांभाळलेल्या माणसाच्या अनुभवाचा लाभ पेन्सिली, टाचण्या आणि वाळवी यांना मिळू लागला. त्यांची वरची खुर्ची मला मिळाली. मी आनंद झाल्याचं लपवलं आणि दुःख झाल्याचंही लपवलं. दोन्ही खरी होती.

खाली जाऊन सरांनी पहिल्यांदा मीटर लावला. मग एक नियम केला. कंट्रोल रूममधलं कोणी पेन मागायला आलं, की आधी आत्ताचं व्होल्टेज सांगायचं. न सांगता आलं तर पेन नाही. महिन्याभरात आमच्याकडे सगळे जण घरून पेन आणू लागले. मी मात्र रोज एक पेन मागायला जायची. माझ्या टेबलाच्या खणात अजून त्यांतली पन्नासेक पेनं आहेत.

फेब्रुवारीत शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली. ऊन कडक, हवा थंड, एसी बंद, कारखाने बंद. सरांच्या भाषेत लाल गोल. सोमवारी सकाळी साडेअकराला मोठ्या साहेबांचा फोन आला. कुठल्यातरी परिषदेत होते. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. म्हणाले, आज विक्रम होऊ शकतो, संच बंद कर, पडद्याचा फोटो काढून मला पाठव.

मला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. दोनच शब्द होते आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलेले होते. मी तोंड उघडलं आणि आतून आलं, "हो सर."

माझ्यासोबत गायकवाड नावाचा ऑपरेटर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बारा वाजता म्हातारी थांबली. पडद्यावरचा हिरवा आकडा खरोखरच झकास चढला. मी फोटो काढला. पाठवलाही.

साडेबारापासून व्होल्टेज चढायला लागलं. जे जे करता येतं ते मी केलं, व्होल्टेज वाढवणारी यंत्रं काढून घेतली, कमी करणारी लावली. प्रकल्पांना फोन लावले. दोघांनी उचलले नाहीत, सुट्टी होती. बारा बावन्नला पहिला सौर प्रकल्प व्होल्टेज सहन न होऊन सुटला, मग त्याच्या शेजारचा, मग आणखी दोन. इतकी वीज एकदम नाहीशी झाली की जे व्होल्टेज आत्ता छताला टेकलं होतं ते सरळ तळाला गेलं. उरलेलं वाचवायला यंत्रणेने आपोआप भागच्या भाग तोडले. भिंतीवरच्या नकाशात मुलुंड गेलं, भांडुप गेलं, घाटकोपरचा अर्धा भाग गेला. आमच्या खोलीतले दिवे बॅटरीवर आले. हिरवा पडदा विझला.

त्यात माझा मोबाइल वाजला. आई. मी सवयीने उचलला. ती म्हणाली, अगं आपल्याकडे लाइट गेली, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का तिथे? मी म्हटलं, आहे, बघते, आणि ठेवला.

पुढची काही मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. गायकवाड नंतर म्हणाला, तुम्ही नुसत्याच फोटो पाठवलेल्या मोबाइलकडे बघत होतात. मला आठवतं ते एवढंच, की मागे कोणीतरी धापा टाकत होतं. सर होते. सुट्टीचा दिवस, लेखनसामग्री विभाग बंद, तरी ते आले होते. लिफ्ट बंद पडलेली, म्हणून सहा मजले चढून आलेले. साठीला टेकलेला माणूस, शर्ट अंगाला चिकटलेला. मी उठून त्यांना खुर्ची द्यायला गेले. त्यांनी माझा खांदा दाबून मला परत बसवलं.

"कोण गेलं ते बघू नको," ते म्हणाले. "कोण राहिलंय ते बघ."

राहिला होता शिंदे. त्याच्या इन्व्हर्टरनी चढतं व्होल्टेज ओढून धरलं होतं, म्हणून तो सुटला नव्हता. मी त्याला फोन लावला. माझा आवाज ऐकून त्याने विचारलं, साहेब आहेत का तिथे? मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी म्हटलं, मी आहे, सांगते तसं कर.

म्हातारीला पुन्हा तापायला तास-दोन तास लागणार होते, तोवर थांबता येणार नव्हतं. मग एकेक पायरी. शिंदेच्या आधाराने एक लाइन उभी केली, त्याच्या शेजारच्या प्रकल्पाला थोडंसंच सुरू करायला लावलं, व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबलो, मग पुढचा. सुटलेले सगळे एकदम परत यायला बघत होते, त्यांना थोपवणं हे अर्धं काम होतं. मी चुकीच्या क्रमाने जाऊ लागले की सर मागून टेबलावर बोटाने एकदा टकटक करत. त्यांनी फोनला हात लावला नाही, माउसला लावला नाही. आधी हॉस्पिटलांच्या लाइनी, मग पाण्याचे पंप, मग घरं. चाळिसाव्या मिनिटाला सगळं परत आलं.

चाळीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, असं नंतर बरेच जण म्हणाले. घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये जनरेटर सुरू झाला नव्हता. तिथल्या नर्सनी मशीनची चाकं हाताने फिरवून पेशंटांचं रक्त अंगात परत घातलं. सगळे वाचले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या नर्सना मी ओळखत नाही, पण दुपारचा एक वाजला की मला त्यांचे हात दिसतात.

सगळं स्थिर झाल्यावर सर दाराकडे निघाले. जाताना मला म्हणाले की रिपोर्ट लिहिशील तेव्हा लक्षात ठेव, मी वर आलो नव्हतो.

मोठे साहेब संध्याकाळी आले. संच बंद करायला आपण सांगितलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. माझ्यासारख्या हुशार मुलीने परिस्थिती पाहून निर्णय घ्यायला हवा होता, असं त्यांचं मत पडलं. मी घरी जाऊन रडले, मग रात्रभर रिपोर्ट लिहिला. सगळं खरं लिहिलं. साडेअकराचा फोन लिहिला, माझं 'हो सर' लिहिलं. शिंदेचं नाव लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की सर सहा मजले चढून आले नसते, तर चाळीस मिनिटांचे चार तास झाले असते. हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं. कुठेतरी आपण फेड केली असं वाटलं. सकाळी तो रिपोर्ट मी सरांना न दाखवता वर पाठवला.

मोठ्या साहेबांनी त्यातलं ते एकच वाक्य उचललं. बदली झालेली, कसलाही अधिकार नसलेली व्यक्ती सुट्टीच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये घुसली आणि त्याच वेळी वीज गेली होती, हे त्यांना फार उपयोगी पडलं. फोन, संच, फोटो सगळं मागे पडलं आणि चौकशी लागली ती अनधिकृत प्रवेशाची. सरांची निवृत्ती सहा आठवड्यांवर आली होती. मी पेन मागायला खाली गेले, तर त्यांनी खिडकीतून पेन दिलं आणि व्होल्टेज विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी जायचं थांबवलं.

चौकशी दुपारी होती, साक्षीला मीही होते. टेबलामागे तिघे जण. मधल्या गृहस्थांनी फाइल उघडून विचारलं की कंट्रोल रूम हा प्रतिबंधित विभाग आहे, तिथे आपण कसे गेलात?

"जिन्याने," सर म्हणाले. "लिफ्ट बंद होती. लाइट गेली होती."

कोणी हसलं नाही, पण डावीकडचे गृहस्थ खाली वाकून बराच वेळ पेन शोधत राहिले. मधल्यांनी पुन्हा विचारलं, कोणाच्या परवानगीने गेलात? सर म्हणाले की परवानगी मागायला मोठ्या साहेबांना फोन केला होता, तीनदा. ते परिषदेत होते. विषय बहुधा विजेचाच असावा. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्या तीन न उचललेल्या फोनच्या वेळा टेबलावर ठेवल्या. बारा चोपन्न, बारा पंचावन्न, बारा छप्पन्न. मला हे माहीत नव्हतं. मधल्या गृहस्थांनी मोबाइल हातात घेतला, शेजाऱ्याला दाखवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, संच बंद करायला कोणी सांगितलं होतं?

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. सरांना 'समज' देऊन प्रकरण मिटलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती मला मिळायलाच हवी होती. मोठ्या साहेबांना कुठल्याशा राष्ट्रीय समितीवर घेतलं. आणि जूनमध्ये एक परिपत्रक निघालं की दुपारच्या वेळी किमान एक फिरता संच चालू ठेवलाच पाहिजे आणि सौर प्रकल्पांनी व्होल्टेज सांभाळलंच पाहिजे. त्याखाली मोठ्या साहेबांची सही होती. समितीवर जायच्या आधीची ही त्यांची शेवटची सही. सर त्याआधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या निरोपसमारंभाला ढोकळा होता.

पण मला सांगायचं आहे ते चौकशीच्या खोलीबाहेरचं. आम्ही दोघं पॅसेजमध्ये आलो. सर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं की सर, मी फक्त खरं लिहिलं होतं.

त्यांनी दुसरी नाडी बांधली. मग वर पाहिलं. मला वाटलं आता एखादा सणसणीत टोमणा येणार, आणि खरं सांगायचं तर तो यावा असंच मला वाटत होतं.

"खरं लिहिलंस ते चांगलं केलंस," सर हळू आवाजात म्हणाले. "पण शूरच व्हायचं होतं, तर त्या दिवशी फोनवर व्हायचं होतंस, मॅडम. ते तुझ्या जिवावर होतं. हे माझ्या."

ते उठले, माझ्या डोक्यावर हलकेच हात ठेवला, आणि खाली गेले. मी सहाव्या मजल्यावर परत आले. दीड वाजला होता. गायकवाडकडून आकडे समजून घेतले, खुर्ची पुढे ओढली आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही.